पुरस्कार मिळाले, चित्रपट पाहायचे कुठे?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे वितरण २३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले आणि आपल्या दैनिकासह जवळपास सर्व मराठी वृत्तपत्रांनी त्याची बातमी ठळकपणे दिली. तीस वर्षांहून अधिक काळ पडद्यावर असलेल्या शाहरुख खान यांचा हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार, त्यामुळे सगळा झोत त्यांच्यावर राहणार हे उघडच होते. त्यांच्यासोबत विभागून सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले विक्रांत मॅसी, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री राणी मुखर्जी, फाळके पुरस्काराचे मानकरी मोहनलाल आणि साडी नेसून मोठ्या ऐटीत व्यासपीठावर गेलेली चिमुकली त्रिशा ठोसर या सर्वांची छायाचित्रे आली. मराठी चित्रपटांनी घेतलेली झेप मथळ्यांतून सांगितली गेली, तीही योग्यच. मात्र यांतले मराठी विजेते चित्रपट आज एखाद्या सामान्य वाचकाला पाहावेसे वाटले, तर ते कुठे आणि कसे पाहावेत, याचा उल्लेख मला कुठेही आढळला नाही. पुरस्कारांचा इतका गाजावाजा होत असताना पुरस्कार मिळालेली कलाकृतीच लोकांच्या नजरेआड राहते, हे मला गंभीर वाटते आणि त्याची कारणे वृत्तपत्रांच्या पलीकडची आहेत. त्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

यंदाच्या यादीतील मराठीचा वाटा खरोखर लक्षणीय आहे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके दिग्दर्शित ‘श्यामची आई’ची निवड झाली. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचे सुवर्णकमळ आशिष बेंडे यांना ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी मिळाले आणि सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ २’ने पटकावला. बालकलाकारांचा पुरस्कार पाच जणांत विभागला गेला. त्यांपैकी त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप हे तिघे ‘नाळ २’मधले, चौथा ‘जिप्सी’मधला कबीर खंदारे आणि पाचवी तेलुगू चित्रपटातली सुकृती वेणी बंद्रेड्डी. म्हणजे पाचपैकी चार मुले मराठी चित्रपटांतली. हिंदी ‘सॅम बहादूर’साठी रंगभूषेचा पुरस्कार श्रीकांत देसाई यांना आणि वेशभूषेचा विभागून सचिन लोवलेकर यांना मिळाला, ही नावे तर बहुतेक बातम्यांत शेवटच्या परिच्छेदातही नव्हती. कथापट विभागाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते, याचा मात्र बऱ्याच ठिकाणी आवर्जून उल्लेख झाला.

श्रीनिवास पोकळेचा हा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार आहे. २०१८ साली आलेल्या ‘नाळ’मधल्या चैत्यासाठी त्याला पहिला मिळाला होता. त्या चित्रपटातला आणि आताच्या छायाचित्रातला मुलगा शेजारी ठेवून पाहिला, तर मिशी फुटू लागलेल्या वयातला हा तरुण बालकलाकार म्हणून पुरस्कार घेताना पाहणाऱ्याला क्षणभर नवल वाटते. त्रिशाच्या बाबतीत तर दोन वर्षे म्हणजे तिच्या एवढ्याशा आयुष्याचा केवढा मोठा हिस्सा! ‘नाळ २’मधल्या चिमीचे काम आपण कसे केले, हे तिला कितपत आठवत असेल, कोण जाणे.

‘श्यामची आई’ची गोष्ट याहून वेगळी आणि मराठी माणसाला अधिक जवळची आहे. राष्ट्रीय पुरस्कारांची सुरुवात १९५४ साली झाली, तेव्हा त्यांना राज्य पुरस्कार म्हणत आणि १९५३ सालातील सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहून काढलेल्या त्याच पुस्तकावरचा, याच नावाचा, मुद्दाम कृष्णधवल ठेवलेला चित्रपट बरोबर सत्तर वर्षांनी, २०२३ साली यावा आणि त्यानेही दिल्लीतून मराठीचा पुरस्कार आणावा, हा योग भारतातील दुसऱ्या कोणत्या भाषेच्या वाट्याला आला असेल, असे मला वाटत नाही. अत्र्यांच्या चित्रपटात श्यामची भूमिका करणारे माधव वझे यंदाच्या मे महिन्यात पुण्यात निवर्तले. पुरस्कारांची घोषणा १ ऑगस्टला झाली. पुढे नाट्यसमीक्षक आणि दिग्दर्शक म्हणून दीर्घ काळ काम केलेल्या वझे सरांना ही बातमी कळली असती, तर त्यावर एखादा मार्मिक लेख आपल्याला वाचायला मिळाला असता. पुरस्कार वेळेवर दिले गेले असते, तर ते शक्यही होते.

‘श्यामची आई’ आणि ‘नाळ २’ हे दोन्ही चित्रपट १० नोव्हेंबर २०२३ या एकाच शुक्रवारी प्रदर्शित झाले होते. तो दिवाळीचा आठवडा होता आणि त्याच रविवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ‘टायगर ३’ चित्रपटगृहांत दाखल झाला. पुढे काय झाले असेल, हे ज्याने कधी जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी चित्रपट पाहण्याचा प्रयत्न केला आहे त्याला सांगण्याची गरज नाही. आमच्याकडे सांगलीत पाहुण्यांची वर्दळ आणि फराळाची आवराआवर उरकून, भाऊबीज झाल्यावर आम्ही ‘श्यामची आई’ पाहायचे ठरवले, तेव्हा त्याचा एकच खेळ उरला होता आणि तोही सकाळचा, कामाच्या दिवशी. तिकीट खिडकीवरच्या मुलाने ‘पंधरा माणसं झाली तरच लावू’ असे बजावले. आम्ही शेजारपाजारच्यांना फोन करून माणसे गोळा केली. त्या अंधारात शेजारी बसलेल्या दोन आजीबाई अत्र्यांच्या चित्रपटातील वनमालाबाईंची आठवण काढत होत्या आणि पडद्यावरच्या आईशी त्यांची तुलना मोठ्याने करत होत्या. एरवी मला अशा बोलण्याचा राग आला असता. पुढच्या आठवड्यात तो खेळही गेला. ‘आत्मपॅम्फ्लेट’ त्याच्याही आधी, ६ ऑक्टोबरला येऊन गेला होता. चाळीत वाढणाऱ्या एका मुलाच्या प्रेमाची गोष्ट सांगता सांगता जात, धर्म आणि नव्वदच्या दशकातला महाराष्ट्र यांच्यावर इतके खट्याळ भाष्य करणारा आणि बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट आमच्या भागात कधी आला आणि कधी गेला, हे आमच्या फिल्म सोसायटीच्या सभासदांनाही नीट कळले नाही.

आता या चित्रपटांना पुरस्कार मिळाला आहे. पुरस्काराची बातमी वाचून ज्यांना ते पाहावेसे वाटले, त्यांच्यासाठी चित्रपटगृहात काहीही नाही, कारण प्रदर्शन आणि पुरस्कार यांत जवळपास दोन वर्षांचे अंतर पडले आहे. पूर्वी असे नव्हते. २०१२ ते २०१८ या काळात राष्ट्रीय पुरस्कारांचे वितरण ३ मे रोजी होत असे. १९१३ साली त्याच तारखेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला होता, म्हणून तो दिवस निवडलेला. आदल्या वर्षीच्या चित्रपटांना मार्च-एप्रिलमध्ये पुरस्कार जाहीर होत आणि मेच्या आरंभी ते दिले जात. त्याचा लाभ कसा होतो, हे ‘कोर्ट’च्या उदाहरणावरून दिसते. २०१४ सालच्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट ठरल्याची घोषणा मार्च २०१५ मध्ये झाली आणि १७ एप्रिलला तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. शाहिरावर चाललेल्या खटल्याची संथ, कोणताही ओळखीचा नायक नसलेली ती कथा एरवी किती जणांनी तिकीट काढून पाहिली असती, याची मला शंका आहे. ‘सुवर्णकमळ विजेता’ ही तीन-चार आठवड्यांपूर्वीची ताजी बातमी लोकांच्या डोक्यात होती, म्हणून माणसे गेली. ‘कासव’लाही २०१७ च्या एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले आणि त्याच वर्षी पुढे तो चित्रपटगृहांत आला.

घडी विस्कटली ती २०१९ मध्ये. लोकसभा निवडणुकीमुळे त्या वर्षीची घोषणा ऑगस्टपर्यंत लांबली आणि वितरण डिसेंबरात झाले. मागोमाग करोना आला. २०१९ सालच्या चित्रपटांचे पुरस्कार थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये दिले गेले. इथपर्यंतचा विलंब कोणीही समजून घेईल. पण त्यानंतर चित्रपटगृहे उघडली, महोत्सव पूर्ववत झाले, निवडणुकाही पार पडल्या, तरी पुरस्कारांचे वेळापत्रक मात्र तसेच एक वर्ष मागे राहिले: २०२० चे २०२२ मध्ये, २०२१ चे २०२३ मध्ये, २०२२ चे २०२४ मध्ये आणि २०२३ चे आता. अमेरिकेत २०२४ सालच्या चित्रपटांची ऑस्कर पारितोषिके २ मार्च २०२५ रोजी देऊनही झाली. आपण सहा महिने उलटून गेल्यावर त्याच्याही आदल्या वर्षाचे सुवर्णकमळ देत होतो. त्यात पात्रतेसाठी प्रदर्शनाची तारीख न धरता सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची तारीख धरली जाते, त्यामुळे कोणता चित्रपट कोणत्या वर्षात मोडतो याचा सर्वसामान्य प्रेक्षकाला पत्ताच लागत नाही. यंदाचा सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपट ‘उल्लोळुक्कु’ जून २०२४ मध्ये प्रदर्शित झाला होता, तरी तो २०२३ च्या यादीत आहे.

हे एक वर्ष भरून काढणे अशक्य नाही. दोन वर्षांसाठी दोन स्वतंत्र परीक्षक मंडळे एकाच वेळी नेमली आणि दोन्ही वर्षांचे पुरस्कार एकाच समारंभात दिले, तर पुढच्या वर्षापासून गाडी रुळावर येईल. महाराष्ट्र शासनाने तेच केले. राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांचे ६० वे आणि ६१ वे वर्ष ५ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या डोममध्ये एकाच संध्याकाळी उरकले गेले. समारंभ लांबला, भाषणे नेहमीप्रमाणे अधिक झाली, पण साचलेली थकबाकी तरी कमी झाली. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला एवढे जमू नये, असे त्यात काही नाही.

दुसरा मुद्दा चित्रपट दाखवण्याचा, आणि तो केवळ मराठीपुरता नाही. यंदा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार ‘उल्लोळुक्कु’साठी उर्वशी आणि गुजराती ‘वश’साठी जानकी बोडीवाला यांना विभागून मिळाला. उर्वशी यांनी आपली भूमिका सहाय्यक कशी ठरली, निकष काय होते, असा जाहीर प्रश्न विचारला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत महाराष्ट्रातील किती जणांनी तो चित्रपट पाहून मत दिले असेल? ‘वश’चा हिंदी अवतार ‘शैतान’ आपल्याकडे जोरात चालला, त्यातही जानकी बोडीवाला होत्याच. पण पुरस्कार ज्या मूळ कामाला मिळाला, ते बघितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तमिळ ‘पार्किंग’ने सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा पुरस्कार, एम. एस. भास्कर यांच्यासाठी सहाय्यक अभिनेत्याचा आणि पटकथेचा विभागून, असे तीन सन्मान मिळवले. मेघालयातील गारो आणि आसाम-अरुणाचलातील ताई फाके या भाषांतील चित्रपट यादीत आहेत, आणि माझ्या मते या पुरस्कारांचे खरे थोरपण अशाच नोंदींत आहे. खासगी वाहिन्यांचे कोणतेही सोहळे असल्या भाषांच्या वाटेला जात नाहीत.

मात्र आपल्याकडे वाद झाला तो ‘द केरला स्टोरी’ला मिळालेल्या दिग्दर्शनाच्या पुरस्कारावर. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा निषेध केला, समर्थकांनी निषेधाचा निषेध केला. मला स्वतःला ती निवड पटली नाही. दिग्दर्शनाची जाण म्हणून ‘आत्मपॅम्फ्लेट’मधील कोणतीही दहा मिनिटे मी त्यापुढे ठेवीन. परंतु हे मी दोन्ही चित्रपट पाहिले म्हणून लिहू शकतो. ज्यांनी त्यांतला एकच, गाजलेला, पाहिला आहे आणि स्पर्धेतले इतर पाहण्याची ज्यांना सोयच नाही, त्यांच्यापाशी राजकीय बाजू घेण्यापलीकडे उरते काय? निवडीवरची चर्चा उथळ होते ती यामुळे, आणि मग सगळा दोष प्रेक्षकांच्या अभिरुचीवर ढकलला जातो.

माझ्या पिढीतील वाचकांना दूरदर्शनवरचे रविवार दुपारचे प्रादेशिक चित्रपट आठवत असतील. जेवण झाल्यावर वडीलधारी मंडळी वामकुक्षी घेत आणि आम्ही मुले खालच्या इंग्रजी ओळी वाचत बंगाली, मल्याळम, असमिया, कन्नड चित्रपट बघत बसत असू. अर्धे कळत नसे. तरीही अदूर गोपालकृष्णन किंवा जाह्नू बरुआ ही नावे मिरज-सांगलीकडच्या घरात माहीत झाली ती त्या दुपारांमुळे. पुरस्कार आणि तो मिळालेला चित्रपट या दोन गोष्टी तेव्हा एकाच सरकारी यंत्रणेतून प्रेक्षकापर्यंत पोहोचत होत्या. आता साधने किती तरी वाढली आहेत. प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू केला. पुरस्कारांचे काम पाहणारे चित्रपट महोत्सव संचालनालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, आणि पुण्यातील विधी महाविद्यालय रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आता त्याच महामंडळाच्या छत्राखाली आहे. पुरस्कार देणारे, चित्रपट जतन करणारे आणि चित्रपटनिर्मितीला पैसा पुरवणारे असे तिघे एका घरात असताना, विजेते चित्रपट एका ठरावीक पंधरवड्यात सर्व भाषांतील उपशीर्षकांसह दाखवण्याची योजना कोणालाच का सुचू नये?

हक्कांचा प्रश्न आहे, हे मी जाणतो. निर्मात्याने चित्रपट आधीच खासगी मंचाला विकलेला असतो आणि तो मंच सहजासहजी परवानगी देणार नाही. यावर उपाय म्हणून प्रवेशिकेच्या अर्जातच अशी अट घालता येईल की, पुरस्कार मिळाल्यास ठरावीक मोबदल्यात चित्रपटाचे मर्यादित सार्वजनिक खेळ करू दिले जातील. रजतकमळासोबत दोन लाख आणि सुवर्णकमळासोबत तीन लाख रुपये मिळतात. लहान निर्मात्याच्या बुडीत खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. खेळांचे मानधन त्यात भर घालेल आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या दिवशी बातमी आहे त्याच दिवशी चित्रपटही असेल.

महाराष्ट्र शासनाला तर यासाठी दिल्लीकडे पाहण्याचीही गरज नाही. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत स्थान मिळावे, यासाठी २०१५ मध्ये बराच गदारोळ होऊन नियम झाला होता. त्याची अंमलबजावणी कशी होते, हे मी वर सांगितलेल्या सकाळच्या खेळावरून कळावे. निदान राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या मराठी चित्रपटांसाठी वितरण समारंभाच्या आठवड्यात प्रत्येक जिल्ह्यात एका पडद्यावर संध्याकाळचा एक खेळ राखून ठेवला, आणि त्याचे तिकीट कमी ठेवले, तर मल्टिप्लेक्सवाल्यांचे फार काही बिघडणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यात शासनाची नाट्यगृहेही आहेत. त्यांतली बरीचशी एरवी आठवड्यातून चार दिवस कुलूपबंद असतात. ‘नाळ २’ शाळांना दाखवायचा असेल, तर तेवढी जागा पुरे.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. पुरस्कारांच्या घोषणेनंतरच्या रविवारी पुरवणीचे एक पान संपूर्ण यादीसाठी द्यावे. प्रत्येक चित्रपटाची भाषा, दिग्दर्शक, चार ओळींत विषय, परीक्षकांनी निवडीचे दिलेले कारण आणि तो सध्या कुठे पाहायला मिळतो, एवढे त्यात असावे. तारांकितांची छायाचित्रे पहिल्या पानावर असतीलच, त्यांना धक्का लावण्याची गरज नाही. ‘सॅम बहादूर’च्या रंगभूषाकाराने काय केले, किंवा गारो भाषेत चित्रपट कसा निघतो, यावर एखादा मजकूर आला, तर तो वाचणारे वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत, अशी माझी खात्री आहे.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांचे पुरस्कार २०२६ सालीच देण्याचा निर्णय मंत्रालयाने आता घ्यावा आणि वितरणाची तारीख पुन्हा ३ मे ठरवावी. परीक्षक मंडळे नेमायला आणि चित्रपट पाहायला अजून सात महिने हाताशी आहेत.

आपला,
एका फिल्म सोसायटीचा जुना सभासद व आपला नियमित वाचक,
सांगली